दुसरी आणि तिसरी बाजू

ताईचा फोन आला तो सुईसाठी. "रेकॉर्ड प्लेअरची सुई असेल का रे तुझ्याकडे?" तिने विचारलं. "इथल्या दुकानात मागितली तर त्याने शिवणयंत्राच्या सुया पुढे केल्या."

थोरली बहीण इतक्या महिन्यांनी फोन करते आणि ख्यालीखुशाली न विचारता सुई मागते, याचं दुसऱ्या कुणाला नवल वाटलं असतं. भाऊंना मात्र दुसरीच काळजी लागली. सुई हवी म्हणजे प्लेअर चालू आहे, आणि प्लेअर चालू आहे म्हणजे मास्तर ती रेकॉर्ड वाजवतायत. मेहुण्यांची तब्येत कशी आहे हे विचारायचं त्यांना फोन ठेवल्यावर सुचलं.

भाऊ दातांचे डॉक्टर. दवाखाना नुकताच बंद केला होता. लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर सवड झाली नाही म्हणायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. उभी हयात त्यांनी विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या दुर्मीळ रेकॉर्डी जमवण्यात घालवली होती. तेही गोड सुरावटींचं संगीत नव्हे. जे ऐकून आई हयात असेपर्यंत "स्वयंपाकघरात कुणी काही पाडलं का?" असं विचारायची, ते. घरातली सगळ्यांत मोठी खोली त्यांनी रेकॉर्डींना दिली होती आणि स्वतः लहान खोलीत झोपत होते.

मास्तर म्हणजे ताईचा नवरा. कॉलेजात गणित शिकवायचे आणि त्यांनाही हेच वेड. पहिल्यांदा घरी आले ते भाऊंकडची एक रेकॉर्ड बघायला, आणि पसंत करून गेले ताईला. पुढे बरीच वर्षं दोघे मिळून जुनी घरं रिकामी होत असली की तिथे जायचे आणि दुसऱ्यांच्या अडगळीत गुडघ्यांवर बसून खोकी उपसायचे. अशाच एका घरात दोघांचे हात एकाच वेळी एका खोक्यावर पडले.

आत दोन रेकॉर्डींचा संच होता. प्रचंड वाद्यवृंद, त्यात गाणाऱ्यांचा ताफा, आणि संगीतकार असा की रचना वाजली त्याच वर्षी वारला. कुठल्याशा रेडिओ केंद्राने ओळखीपाळखीत वाटायला थोड्या प्रती काढल्या होत्या. मूळ फीत पुढे जळाली. असा संच अस्तित्वात आहे हे दोघांनी फक्त ऐकलं होतं, आणि आता तो समोर होता. हात मागे कुणीच घेईना. शेवटी पैसे निम्मे निम्मे दिले आणि एकेक रेकॉर्ड वाटून घेतली. रविवारी दोन्ही एकत्र आणायच्या आणि सगळं ऐकायचं असं ठरलं.

पण या वाटणीत एक मेख होती. त्या काळी रेकॉर्डींची चळत एकावर एक ठेवून आपोआप वाजवणारे प्लेअर असत. पहिली संपली की वरची दुसरी तिच्यावर पडायची, आणि दोन्ही झाल्या की अख्खी चळत उलटी करून परत ठेवायची. त्या सोयीसाठी एका रेकॉर्डवर पहिली आणि चौथी बाजू असायची, दुसरीवर दुसरी आणि तिसरी. म्हणजे भाऊंच्या वाट्याला रचनेची सुरुवात आणि शेवट आला, मास्तरांच्या वाट्याला मधला सगळा भाग. कुणालाच अर्धी गोष्ट धड मिळाली नाही, आणि म्हणून रविवार चुकवणं कुणालाच परवडेना.

ते रविवार बंद पडले एका चऱ्यामुळे. मास्तर रेकॉर्ड उलटी करत असताना त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्याचं बक्कल तिसऱ्या बाजूवर घासलं. चरा लहानसा, पण तिथे सुई आली की टक, टक, टक असा आवाज यायचा आणि बराच वेळ राहायचा. "तुम्हाला खडू धरायची सवय," भाऊ म्हणाले, "तुमच्या हातात असली वस्तू द्यायलाच नको होती." मास्तर म्हणाले, "दुसऱ्यांच्या दातांना भोकं पाडून पोट भरणाऱ्याने हे सांगावं?" शब्दाने शब्द वाढला. ताईने आणलेला चहा तसाच राहिला. त्यानंतर दोघांमधून विस्तव जात नव्हता. ताई अधूनमधून एकटी यायची, पण मास्तरांना विस्मरणाचा आजार जडल्यापासून तिचं घराबाहेर पडणंच बंद झालं. आणि भाऊ आपल्या घरी पहिली बाजू ऐकायचे, मग चौथी. मधे नुसते बसून राहायचे.

सुई घेऊन ते दुसऱ्याच दिवशी गेले.

ताईने दार उघडलं तेव्हा ते क्षणभर गडबडले. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि ब्लाउजची बटणं चुकीच्या काजांत गेली होती. आत मास्तर खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होते आणि प्रत्येक खेपेला दाराची कडी ओढून बघत होते. भाऊंकडे बघून त्यांनी अदबीने मान लववली. ओळख दिसली नाही.

"रात्रभर हेच," ताई म्हणाली. "दिवसभर पण हेच. मी कोण हे त्यांना कळत नाही. मोलकरीण समजतात, ते बरं. कधी कधी चोर समजतात."

"मग तू झोपतेस कधी?"

"रेकॉर्ड लागली की."

तिने सांगितलं ते असं. दुपारी मास्तर स्वतः कपाटातून ती रेकॉर्ड काढायचे. तळहातांत कडांवर धरायचे, ब्रश फिरवायचे, लावायचे आणि खुर्चीत बसायचे. एक बाजू संपली की उठून उलटी करायचे. हातांना सगळं आठवत होतं. दोन्ही बाजू होईपर्यंत जवळजवळ तासभर ते जागचे हलत नसत, आणि तेवढा वेळ ताई शेजारच्या दिवाणावर मेल्यासारखी झोपायची. "दुसरी कुठली लावून बघितली. चालत नाही. दोन मिनिटांत उठतात. हीच लागते. सुई गेल्यापासून माझा डोळ्याला डोळा नाही रे."

भाऊंनी सुई बसवली. जुनी काढून त्यांनी दात बघायच्या भिंगाखाली धरली. टोक झिजून छिन्नीसारखं झालं होतं. मग त्यांनी रेकॉर्ड उजेडात तिरपी केली. जिथे काळी कुळकुळीत चमक असायला हवी तिथे राखेसारखा पट्टा पडला होता. रोज एकदा, जड दांडीच्या त्या स्वस्तातल्या प्लेअरवर, झिजलेल्या सुईने. जगात अशा किती शिल्लक असतील कुणास ठाऊक, आणि त्यातली एक इथे रोज दुपारी किसली जात होती.

मास्तरांनी रेकॉर्ड त्यांच्या हातातून काढून घेतली. उद्धटपणे नव्हे, पण सोडली नाही. लावली आणि बसले. दुसरी बाजू सुरू झाली तशी ताई दिवाणावर आडवी झाली आणि बघता बघता घोरायला लागली. भाऊ उभेच होते. वरचे सूर विरले होते, व्हायोलिनांच्या जागी धूर ऐकू येत होता. पुढे तिसऱ्या बाजूवर तो चरा आला. टक, टक, टक. मास्तरांची तर्जनी खुर्चीच्या हातावर त्याच ठेक्यात पडायला लागली. भाऊंनी ते बघितलं आणि त्यांच्या नाकाला जुन्या मिरच्या नव्याने झोंबल्या. आपणच पाडलेल्या चऱ्यावर ताल धरतायत, असं त्यांच्या मनात आलं. त्यापलीकडे काही आलं नाही. यायला हवं होतं.

घरी जाताना त्यांच्या डोळ्यांसमोर बहिणीचा चेहरा होता असं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. डोळ्यांसमोर तो राखाडी पट्टा होता. तरी माणूस वाईट नव्हता. दोन्ही गोष्टी साधतील असा मार्ग त्याने शोधला. आपला चांगला प्लेअर आणि यंत्रं घेऊन भाऊ परत गेले, हलक्या सुईवर दोन्ही बाजू संगणकात उतरवून घेतल्या आणि आठवडाभर बसून त्या साफ केल्या. एकेक खरखर, एकेक कचका त्यांनी कीड काढावी तसा शोधून काढला. चरा सगळ्यांत शेवटी घेतला. त्याची प्रत्येक टकटक वेगळी पुसली आणि मागचा सूर जोडून दिला. काम संपल्यावर त्यांनी तिसरी बाजू ऐकली आणि त्यांना भरून आलं. बक्कल घासण्याआधीचे ते रविवार जसेच्या तसे परत आले होते. रेकॉर्डींच्या नादी लागलेल्या माणसाला यापेक्षा मोठं पुण्य माहीत नसतं.

ते सगळं त्यांनी एका छोट्या स्पीकरात भरलं आणि ताईला नेऊन दिलं. एकच बटण होतं. "दाबायचं आणि झोपायचं. सुई नको, उलटी करायची कटकट नको. हवं तर दिवसातून चारदा लाव."

ताईने बटण दाबलं. मास्तर थबकले, कान देऊन उभे राहिले आणि खुर्चीत बसले. दुसरी बाजू चालू होती. ते शांत होते.

"बघितलंस?" भाऊ म्हणाले. "मी रेकॉर्ड घेऊन जातो आता."

ताई दिवाणावर टेकली होती. "चार दिवस असू दे ना इथेच. ह्यांना सवय होईपर्यंत."

"त्या प्लेअरवर आता एकदासुद्धा नको, ताई. तुला कल्पना नाही काय चाललंय तिचं."

"मी नाही लावू देणार त्यांना. नुसती कपाटात असू दे. चारच दिवस."

"तू झोपलेली असताना कशी अडवशील?"

ताईचे डोळे मिटायला लागले होते. भाऊंनी कपाट उघडलं, रेकॉर्ड आपल्या पिशवीत घातली, आणि मास्तरांचे हात रिकामे पडू नयेत म्हणून जुन्या पाकिटात दुसरी एक सरकवून ठेवली. नाचगाण्यांची होती, कुठेही ढिगाने मिळणारी. काळी, गोल, तेवढ्याच आकाराची. दार ओढून घेताना त्यांनी मागे बघितलं. मास्तर बसले होते, ताई झोपली होती. तिसऱ्या बाजूपर्यंत ते थांबले नाहीत. बहीण झोपली, आता आवाज नको, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्यांना घरी जायची घाई झाली होती.

घरी येऊन त्यांनी रेकॉर्ड धुतली, वाळवली आणि कित्येक वर्षांनी तिला तिच्या जोडीदारणीशेजारी खोक्यात ठेवलं. लगेच ऐकली नाही. लहान मूल खाऊ उरवून ठेवतं तसं ते सुख त्यांनी दुसऱ्या दिवसावर टाकलं. संध्याकाळ झाली, दिवे लागले, आणि ताईच्या शेजारणीचा फोन आला.

काय झालं त्यातलं काही ताईने नंतर इस्पितळात सांगितलं, बाकीचं भाऊंनी ताडलं. मास्तर बसून ऐकत होते. मग तिसऱ्या बाजूत ती जागा आली आणि टकटक आली नाही. त्यांनी बोट उचलून धरलं असेल, वाट बघितली असेल. ते तिने पाहिलं नाही, ती झोपेत होती. तिला जाग आली ती कपाटाच्या आवाजाने. मास्तरांनी पाकिटातून रेकॉर्ड काढली होती. बायको आठवत नव्हती त्यांना, पण हातातली रेकॉर्ड आपली नव्हे हे त्यांना एका नजरेत कळलं होतं. ती त्यांनी जमिनीवर आपटली. "कुठे आहे?" ते ओरडले. "कुठे विकलीस?" ताईने दंड धरून समजवायला बघितलं. त्यांनी तिला ढकललं. ती उंबऱ्यावरून पलीकडे पडली आणि तिथेच पडून राहिली. मास्तर तिला ओलांडून घरभर कपाटं उपसत फिरले.

खुब्याचं हाड मोडलं होतं.

"मी चार दिवस मागितले होते तुझ्याकडे," ताई म्हणाली. चिडून नाही. छताकडे बघत म्हणाली.

भाऊंनी आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगितलं होतं. स्वतःचं उघडेना. लाज वाटते, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ते पायाशी बसून राहिले.

मास्तरांना सांभाळणारं आता घरात कुणी नव्हतं. त्यांना आजारी म्हाताऱ्यांच्या एका केंद्रात हलवलं. तिथे इतरांना त्रास नको म्हणून त्यांना दिवसभर गुंगीत ठेवायचे. भाऊ पहिल्याच आठवड्यात गेले. हातात रेकॉर्ड, बगलेत तो जड दांडीचा प्लेअर. आपला चांगला नेला नाही, कारण मास्तरांच्या कानांना याची सवय होती. परिचारिकेने कोपऱ्यातला प्लग दाखवला आणि आवाज लहान ठेवायला सांगितला.

त्यांनी तिसरी बाजू लावली. सुई त्या राखाडी पट्ट्यातून फिरत होती आणि भाऊंचं लक्ष मास्तरांच्या बोटाकडे होतं. टक, टक, टक. बोट चादरीवर पडलेलं होतं, ते पडलेलंच राहिलं. त्यांनी दांडी उचलून परत त्याच जागी ठेवली. परत. इतक्या वेळा ठेवली की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "अहो, ते अडकलंय. बंद करा ना."

"मास्तर," भाऊ कानाशी वाकून म्हणाले, "ही तुमचीच. खोटी नाही. बघा तरी." मास्तरांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली. भाऊंनी रुमालाने पुसली. पुढेही ते रोज गेले, रोज लावली. बोट एकदाही हललं नाही. महिना सरायच्या आत छातीत कफ दाटून मास्तर गेले.

ताई भाऊंकडे राहायला आली. तिच्या घरात पायऱ्या होत्या आणि तिला त्या कधीच चढता येणार नव्हत्या. भाऊंनी मोठ्या खोलीतली कपाटं भिंतीला रेटून तिची खाट तिथे लावली. खाण्यापिण्याचं, औषधांचं त्यांनी डोळ्यांत तेल घालून केलं. एकच गोष्ट त्यांना जमेना. ताईला झोप येत नव्हती. गोळ्या झाल्या, डॉक्टर बदलून झाले. दमून डोळे मिटायची, आणि कुठे भांडं वाजलं, दार करकरलं की धडपडून उठायला बघायची आणि खुब्यातून कळ येऊन कण्हायची. आता कुणावर लक्ष ठेवायचं नाही हे तिला ठाऊक होतं. अंगाला ते कळत नव्हतं. ती दिवसेंदिवस खंगत चालली होती आणि भाऊ ते बघत होते.

एका दुपारी तीच म्हणाली, "लाव की तुझं ते. पुरं लाव. एवढं सगळं झालं त्याच्यापायी, मला एकदा ऐकू दे तरी."

भाऊंनी स्वतःहून कधीच लावलं नसतं. त्यांनी खोकं उघडलं. पहिली बाजू लागली. ताई उशीला टेकून ऐकत होती. "हे मला माहीतच नाही," ती म्हणाली. "कुणीतरी ओरडतंय असं वाटतं." थोड्या वेळाने म्हणाली, "ह्यांना कसं काय आवडायचं रे?"

"मलाही आवडतं."

"तू काय, तुझं ठीक आहे," ती म्हणाली, आणि दोघांनाही किंचित हसू आलं. मास्तर गेल्यापासून पहिल्यांदाच.

पहिली बाजू संपली. भाऊंनी रेकॉर्ड बदलली आणि दुसरी लावली. व्हायोलिनांच्या जागी उरलेला धूर खोलीत पसरला. त्यांनी ताईकडे पाहिलं तर तिची मान कलली होती. तोंड उघडं, हात पांघरुणावर सैल. ती घोरत होती.

भाऊ खुर्चीत अवघडून बसले. बाजू संपल्यावर त्यांनी श्वास रोखून रेकॉर्ड उलटी केली, कडा तळहातांत धरून, घड्याळ आधी काढून ठेवून. तिसरी बाजू सुरू झाली. टकटक आली, गेली. ताईला खबरही नव्हती. तिसरी संपत आली तशी भाऊंनी पहिली रेकॉर्ड परत हातात घेतली, चौथी बाजू वर करून. इतक्या वर्षांनी ती तिच्या जागी येणार होती. शेवटच्या खाचेत सुई घुमली आणि दांडी उचलली गेली. खोली शांत झाली.

ताई दचकून उठली. कोपरावर जोर देऊन तिने पाय खाटेखाली सोडायला बघितले आणि वेदनेने तिचा चेहरा पिळवटला. डोळे उघडे होते, पण ती अजून त्या दिवाणावरच होती.

"उठले का हे?" तिने विचारलं.

भाऊंनी तिचे पाय उचलून परत खाटेवर ठेवले.

"नाही," ते म्हणाले. "बसलेत. तू झोप."

हातातली चौथी बाजू त्यांनी खोक्यात ठेवली आणि दुसरी पुन्हा लावली. आता रोज दुपारी तेच चालतं, ताईला हवी असेल तितक्या वेळा. त्या स्पीकराचं बटण भाऊंनी परत कधी दाबलं नाही. पट्टा दिवसेंदिवस रुंद होतोय हे त्यांना दिसतं, रेकॉर्ड आणखी किती पुरेल याचा अंदाजही त्यांना आहे, आणि सुई ते हलक्या हाताने खाली सोडतात.